ताप आलेल्या पोराला झोपू द्या

आज संध्याकाळी कर्वेनगरात एका मेडिकलमध्ये उभी होते. शेजारी एक बाबा, त्यांच्या पायाला चिकटून चार-पाच वर्षांचा मुलगा, डोळे लाल, उभ्या उभ्या पेंगतोय. "ताप पटकन उतरेल असं स्ट्राँग काहीतरी द्या, उद्या शाळा आहे." काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठीसुद्धा न मागता अँटिबायोटिकची बाटली पुढे केली. घरी आल्यापासून डोकं शांत होत नाहीये.

अहो, व्हायरल तापावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही! हे आपल्याला माहीत आहे, त्या दुकानदाराला तर नक्कीच माहीत आहे. तरी बाटली विकली जाते, कारण आपल्याला ताप उद्या सकाळच्या आत गेलेला हवा असतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या धाकटीला १०२ ताप होता. सासूबाई उशाशी बसून होत्या. भाताची पेज, मुगाचं कढण, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, जे घेईल ते चमच्या चमच्याने. अंगात पातळ सुती फ्रॉक, खिडकी उघडी. जेवणाची जबरदस्ती नाही. मध्येच उठून बाहुलीला पांघरूण घालायची, पुन्हा झोपायची. शेजारच्या काकू दारातूनच ओरडल्या, "अजून औषध नाही दिलं? आकडी येईल!" औषध दिलं म्हणून आकडी टळतेच असं नाही, हे आमच्या डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं, म्हणून मी घाबरले नाही.

ताप शरीर स्वतःहून चढवतं. मेंदूच तापमान वर नेतो, कारण त्या उष्णतेत विषाणूंची वाढ मंदावते आणि आपल्या पेशी जोमाने लढतात. ते काम चालू असताना आपण दर तासाला थर्मामीटर लावून आकड्याशी भांडत बसतो. बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवतो, पोर कुडकुडतं आणि कुडकुडून आतली उष्णता आणखी वाढते. पुसायचंच तर कोमट पाण्याने पुसा, तेही त्याला बरं वाटत असेल तर.

मी औषधाच्या विरोधात नाही. रात्री अंग दुखून धाकटी रडायला लागली तेव्हा वजनाच्या हिशोबाने पॅरासिटॅमॉल दिलंच. तिला आराम पडावा म्हणून दिलं, थर्मामीटरला खूश करायला नाही. झटपट ताप उतरवायच्या याच हट्टापायी निमेसुलाइड पोरांना सर्रास दिलं जायचं. शेवटी २०११ मध्ये सरकारला १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ते बंद करावं लागलं.

हो, तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर १००.४ लाही तडक डॉक्टर. धाप लागणं, शू कमी होणं, मान ताठ होणं, आकडी येणं, पोर नीट जागं न होणं, यातलं काहीही दिसलं तरी थांबायचं नाही. आणि पुण्यात पावसाळ्यात डेंग्यू असतोच, तेव्हा ताप रेंगाळला तर रक्त तपासा, आयबुप्रोफेन मनाने देऊ नका. पण डेंग्यूतसुद्धा ताप उतरायला लागतो तेव्हाच सगळ्यात जास्त जपावं लागतं. मग नुसत्या आकड्यावरून काय कळणार? पोराकडे बघा ना. पाणी पितंय का, ओळखीचं हसतंय का, हात लावला की कसं बघतंय. सासूबाई तेच तर बघत होत्या.

लिहिता लिहिता त्या बाबांवरचा राग मात्र उतरला. त्यांचेही डोळे थकलेले होते. उद्या दोघांनाही ऑफिस असणार, घरी कोणी आजी नसणार. मला सासूबाई होत्या, सगळ्यांना नसतात, मान्य. पण पोर तापलंय म्हणून सुट्टी मागितली की "औषध दिलं ना?" असं विचारणारे साहेब आणि वर्षअखेरीला शंभर टक्के हजेरीचं प्रमाणपत्र वाटणाऱ्या शाळा, यांचं काय करायचं? पाच वर्षांच्या मुलाला न आजारी पडण्याचं बक्षीस? माझी धाकटी त्या कार्यक्रमात खाली बसून टाळ्या वाजवत होती आणि घरी येऊन विचारलं, "आई, मला ताप आला म्हणून नाही मिळालं का?"

ते प्रमाणपत्र बंद करा, हा विषय मी या शनिवारच्या पालकसभेत काढणार आहे. धाकटीच्या शाळेतले जे कोणी हे वाचताय, त्यांनी या. एकटीचं कोणी ऐकत नाही.