वहिनी, पाठव तिला

परवा वहिनीचा फोन. भाची सतरा वर्षांची, पुढच्या महिन्यात आत्याबरोबर, म्हणजे माझ्याबरोबर, मेटलच्या (हेवी मेटल, ते दणदणीत रॉक संगीत) शोला जायचंच म्हणून घरात धरणं धरून बसलीय. वहिनीनं सरळच विचारलं, "अगं, ती पोरं एकमेकांना ढकलतात तो व्हिडिओ बघितला मी. हिला काही झालं म्हणजे?" मी "काही होत नाही गं" म्हणून वेळ मारून नेली. पण ते खरं नाही. होतं. फक्त वहिनीला वाटतं तिथे होत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय, तिची परवानगी घेऊन. दादाची घेतलेली नाही.

माझा पहिला शो रंगभवनला. एफवायला होते. धोबी तलावाचं ते उघडं थिएटर, शेजारी झेवियर्स, मरीन लाइन्सहून चालत जायचं. इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव तेव्हा तिथे व्हायचा आणि आम्ही डोंबिवलीहून चार मैत्रिणी गेलो होतो. समोर मुलांनी गोल केला आणि त्यात धावायला लागली. मला वाटलं मारामारी लागली. मी बॅग छातीशी धरून मागे सरकले, तर शेजारचा एक आडदांड, केस कमरेपर्यंत, म्हणाला, "ताई, इथे माझ्या मागे उभी राहा, धक्का लागणार नाही." आणि खरंच, पूर्ण गाणं संपेपर्यंत तो दोन्ही हात पुढे करून येणाऱ्याला परत आत लोटत होता. पिटच्या, म्हणजे त्या धावण्या-ढकलण्याच्या गोलाच्या, कडेला अशी माणसं असतातच. त्यांना कुणी नेमलेलं नसतं.

तर वहिनी, पिटचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण सगळ्यांना पाठ असतात. कुणी पडला की जवळचे तिघे-चौघे थांबतात, काखेत हात घालतात, उभा करतात, पाठीवर थाप मारतात आणि पुन्हा सुरू. बूट निघाला, चष्मा पडला, पाकीट पडलं की ज्याला सापडेल तो हात उंच करून धरून उभा राहतो. मी एकदा एका मुलाला अख्खं गाणं दुसऱ्याचा डावा फ्लोटर झेंड्यासारखा धरून उभा राहिलेला पाहिलाय. वॉल ऑफ डेथ हा प्रकार आहे, नाव भयंकर आहे, गर्दी दोन भागांत फुटते आणि मग एकमेकांवर धावून जाते. त्यात मी कधी गेले नाही, भाचीही जाणार नाही. पण ते अचानक अंगावर येत नाही. गाणारा आधी सांगतो, दोन बाजू करायला लावतो. ज्याला नको तो तेवढ्यात चालत बाहेर पडतो.

पुढे जुहूच्या रॅझबेरी ऱ्हायनोसरसला जायला लागले. डेमॉनिक रेझरेक्शन हा मुंबईचा मेटल बँड तिथेच ऐकला. जागा छोटी, गर्दी पन्नास-साठ, त्यात बायका चार. (एक फायदा सांगते. मेटलचा शो ही मुंबईतली एकमेव जागा असेल, जिथे बायकांच्या टॉयलेटला रांग नसते आणि पुरुषांच्या असते.) घरून तेव्हा फार बोलणी खाल्ली. २००७च्या मार्चमध्ये आयर्न मेडन हे इंग्लंडचे मेटलवाले बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सला आले, माझ्या ग्रुपमधले सगळे उद्यान एक्स्प्रेसनं गेले आणि मी घरी. बाबा म्हणाले, "आयर्न काय? कारखाना आहे का?" विषय तिथेच संपला.

पण पुढच्याच वर्षी देव पावला. १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, तेच आयर्न मेडन, बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्स. त्यांच्या जगभरच्या दौऱ्याचा पहिलाच शो मुंबईत. स्वतःच्या बोइंग ७५७मधून आले होते, आणि विमान चालवणाऱ्यांत गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः. बाबांची अट एकच, दादाला बरोबर ने. हाच दादा, वहिनी, जो आता "त्या वेड्यांच्या गर्दीत कशाला" म्हणतोय. कानात कापूस घालून आला होता आणि इनशर्ट करून. काळ्या टी-शर्टच्या समुद्रात आकाशी इनशर्ट! मला तो कुठूनही दिसत होता, ही सोय झाली.

शोच्या सुरुवातीला चर्चिलच्या भाषणाची रेकॉर्ड लागली आणि पुढे जे झालं ते मला नीट सांगता येत नाही. त्या दौऱ्यावर नंतर माहितीपट निघाला, त्यात सुरुवातीचं गाणं मुंबईचंच आहे. मी तो थांबवून थांबवून दादाचा शर्ट शोधलाय. मध्यावर त्यांनी कोलरिजच्या खलाशाच्या कवितेवरचं गाणं घेतलं, तेरा मिनिटांच्या वरचं. टीवायला ही कविता आम्हाला होती. बाईंनी तीन आठवडे शिकवली आणि मला एक ओळ कळली नव्हती. त्या रात्री मधला शांत भाग आला, जहाजाची लाकडं करकरतात तो, आणि इतकी हजारो माणसं गप्प उभी होती. पलटून बघितलं तर दादाचा कापूस हातात होता.

या शोला पिट जवळजवळ नव्हतंच. मेडनला लोक ढकलत नाहीत, गातात. गिटारची धूनसुद्धा ओ-ओ करून गातात. वहिनी, हे पण लक्षात घे, "मेटल" म्हणून एकच गर्दी नसते. बँड कोणता त्यावर पोरीनं कुठे उभं राहायचं ते ठरतं.

आता खरी भीती कुठे ते सांगते. शो संपला की. एका मोठ्या मैदानावर, कुठल्या ते सोड, दहा वाजता हजारो माणसं एकाच वेळी निघाली आणि उघडं फाटक एक. दुसऱ्याला कुलूप. मी मधे अडकले, हात खाली घेता येईना, पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते. वीस मिनिटं. पिटमध्ये पडलं तर उचलायला हात येतात. इथे कुणाला वाकायलाच जागा नव्हती. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण मरू शकतो. पाणी? गेटवर बाटल्या काढून घेतल्या होत्या आणि आत ग्लासाला साठ रुपये. बाहेर आल्यावर कुर्ल्याला यायला एक रिक्षावाला तयार नाही. शेवटची कर्जत मिळाली ती धावत.

दहाचं कारण तुला माहीतच आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री दहाला बंद. बारापर्यंतची सवलत वर्षाला जास्तीत जास्त पंधरा दिवस, आणि ते दिवस गणपती-नवरात्रातच जातात. हॉस्पिटल, कॉलेज, कोर्टापासून शंभर मीटर तर शांतता क्षेत्र. रंगभवन त्यातच गेलं. नियमाबद्दल माझी तक्रार नाही, आजारी माणसानं झोपायला हवं. पण स्टेशनजवळची, स्वस्त, पायऱ्यांची, चार बाजूंनी बाहेर पडता येणारी जागा गेली आणि तिच्या बदल्यात आपल्याला पत्रे ठोकलेली मैदानं मिळाली, हे दुखतं. वर आता मैदानाचेही तुकडे: स्टेजसमोर महाग तिकीट, मागे स्वस्त, मधे बॅरिकेड. गर्दीला सरकायला जागाच ठेवायची नाही आणि धक्काबुक्की झाली की मेटलवाल्यांना नावं ठेवायची.

गुडगावचं आठवत असेल. २८ ऑक्टोबर २०११, मेटालिका या अमेरिकन मेटल बँडचा भारतातला पहिला शो सुरक्षेच्या कारणानं ऐन वेळी झालाच नाही. लोकांनी स्टेजवर चढून नासधूस केली, आयोजकांपैकी काहींना अटक झाली. ते मी समर्थन म्हणून सांगत नाहीये. मोडतोड ती मोडतोड. पण दोनच दिवसांनी बंगळुरूला तोच बँड, तसलेच लोक, आणि मी त्या गर्दीत होते. गुडगावहून थेट आलेली दोन पोरं माझ्या शेजारी होती, अंगावर तोच टी-शर्ट, डोळे सुजलेले. पूर्ण शोभर एकदाही कुणाशी आवाज चढवला नाही त्यांनी.

आणि एक, जे लपवणार नाही. वीस वर्षांत एकदा, एका पबमध्ये, गर्दीत मला कुणीतरी घाणेरडा हात लावला. कोपर मारलं. आजूबाजूच्यांनी पाहिलं, कुणी काही केलं नाही. मी पुढच्या गाण्याला बाहेर पडले आणि सहा महिने कुठेच गेले नाही. मेटलवाले सगळे संत असतात असं कुणी सांगितलं तर हे त्याला सांग. पण लोकलच्या जनरल डब्यात हे किती वेळा झालं, ते मी मोजणं सोडून दिलंय. तिथे जाऊ नको असं मला आजवर कुणी म्हणालं नाही.

भाचीला हे वेड लावलं मीच. २०२५मध्ये ५ जुलैला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमवर ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचा गायक ओझी ऑस्बोर्न याचा निरोपाचा शो झाला, आम्ही दोघींनी रात्री जागून टीव्हीवर पाहिला. सिंहासनावर बसून गात होता, उभं राहता येत नव्हतं. ती रडली. सतरा दिवसांनी तो गेला तेव्हा तिनंच मला फोन केला. त्यामुळे आता मागे फिरणं माझ्या हातात नाही.

तर ठरलेलं असं. इअरप्लग दोघींना. कामगारांची सुरक्षितता-आरोग्य बघणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या हिशेबानं ८५ डेसिबलला ८ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे शंभरला फक्त १५ मिनिटं. मी पहिली दहा वर्षं काही घातलं नाही आणि आता शांत खोलीत डाव्या कानात शिट्टी वाजते. आत शिरल्या शिरल्या बाहेर जायची सगळी फाटकं बघून ठेवायची. साउंडच्या टेबलाच्या मागे उभं राहायचं, आवाज तिथे सगळ्यात चांगला असतो आणि पाठ मोकळी. शेवटच्या गाण्याच्या आधी निघायचं किंवा सगळे गेल्यावर पंधरा मिनिटांनी; मधे नाही. ती शेवटचं गाणं सोडणार नाही, म्हणजे पंधरा मिनिटांनी.

आणि वहिनी, ते नवे पांढरे शूज तिला घालू देऊ नकोस.