ताईच्या व्हाउचरची तारीख

काल संध्याकाळी बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी कट्ट्यावर बसलो, ते नऊ वाजून गेले तरी कुणी उठलं नाही. विषय माझ्याच घरचा होता. माझी ताई खानापूर तालुक्यात शिक्षिका होती. निवृत्त झाली तेव्हा सोबतच्यांनी वर्गणी काढून तिला बेळगावातल्या एका साडीच्या दुकानाचं 2000 रुपयांचं गिफ्ट व्हाउचर दिलं. मुदत 6 महिन्यांची. मधे भावोजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यावर खानापूरचा पाऊस. ती दुकानात पोचली तेव्हा मुदत संपून 19 दिवस झाले होते. मालकानं कागद उलटा केला, तारखेवर बोट ठेवलं आणि परत दिला. "मी काय बोललोच न्हाई रे, तसाच जिना उतरून आलो," ताई मला फोनवर म्हणाली. 30 वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई, तिचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

कट्ट्यावर आमचे किराणावाले अण्णा पहिल्यांदा बोलले, आणि दुकानदाराच्या बाजूनं बोलले.

"तारीख छापलेली हाय न्हवं? मग त्याचा काय दोष गा? लहान दुकानवाल्यानं असले कागद किती वर्षं सांभाळायचे? भाव वाढत्यात, माल बदलतोय."

"खरं अण्णा," मी म्हटलं, "भाव वाढले तर त्याचं काय गेलं? कागदावर साडी लिहिलेली नाही, 2000 रुपये लिहिलेत. भाव वाढला तर त्याच 2000 मध्ये ताईला हलकी साडी मिळणार. तोटा तिचाच. आणि पैसे तर त्याच्या गल्ल्यात पहिल्याच दिवशी पडलेत, तेवढे दिवस तो ते वापरालाय."

दिवाळीत दुकानदार फुकट वाटतात ते सवलतीचं कूपन वेगळं. त्याची तारीख गेली की गेली, त्यावर माझं काही म्हणणं नाही. हे रोख मोजून घेतलेलं आहे.

बँकेत नोकरीला असलेला आमच्यातला धाकटा म्हणाला, बँकेनं दिलेल्या गिफ्ट कार्डाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानं किमान एक वर्षाची मुदत द्यावी लागते. मला बळ आलं. पण त्यानंच पुढं सांगितलं की दुकानानं फक्त स्वतःच्या मालासाठी काढलेला कागद त्या नियमात बसत नाही. अमेरिकेत 2009 च्या कायद्यानं गिफ्ट कार्डाला किमान 5 वर्षं दिली आहेत, हेही त्याला ठाऊक होतं.

"अमेरिकेचं इथं काय करतोस?" अण्णा म्हणाले. "आणि पैसे तरी ताईनं कुठं दिल्यात? दिल्यात ते मास्तर लोकांनी."

इथं आमचे वकील बोलले. विकत घेणाऱ्याच्या संमतीनं जो वापरतो तोही ग्राहकच, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तसं आहे. व्हाउचरच्या मुदतीचं वेगळं कलम नाही, त्यामुळं अनुचित व्यापारी प्रथा म्हणून मांडावं लागेल, आणि निकाल काय लागेल हे आधी सांगता येत नाही. पण जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, तक्रार करायला 2 वर्षं आहेत, आणि त्याआधी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करून बघता येतो.

मग ते अण्णांकडं वळले. "तुमच्या उधारीच्या वहीतलं येणं किती वर्षांपर्यंत कोर्टात मागता येतंय?"

"तीन वर्षं."

"म्हणजे गिऱ्हाइकाकडं तुमचे पैसे अडकले तर 3 वर्षं, आणि गिऱ्हाइकाचे दुकानदाराकडं अडकले तर 6 महिने?"

अण्णा गप्प झाले. त्यांची वही मी पाहिली आहे. कोरोनातली उधारी अजून तीत आहे, त्यांनी ती कधी खोडली नाही आणि कुणाच्या दारात जाऊन मागितलीही नाही. असा माणूस त्या मालकाची बाजू घेत होता, म्हणूनच मला जास्त लागत होतं.

मी व्हाउचरचा फोटो दाखवला. मुदतीची ओळ मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, इंग्रजी आणि कन्नडमध्ये. ताईला दोन्ही वाचता येतं, पण हा कागद हातात आला तेव्हा समोर हार-तुरे आणि रडणाऱ्या मुली होत्या. तारीख बघायची आठवण कुणाला राहते? दुकानदारानं तोंडी सांगितलं असतं, पुढं ठळक छापलं असतं, तर निदान देणाऱ्यांनी तरी तिला बजावलं असतं.

"केस नको," मी म्हटलं. ताईला साडी हवी आहे. ती नेसून त्या सगळ्यांना जेवायला बोलवायचं तिनं ठरवलं होतं.

मग तिथंच अर्ज लिहायला घेतला. रक्कम, दिल्याची तारीख, ऑपरेशनचं कारण, आणि 2000 चा माल द्यावा ही विनंती. मालक कन्नड बोलणारे, म्हणून वकिलांनी तोच मजकूर खाली कन्नडमध्ये उतरवला. अण्णांनी कागद दिव्याखाली धरून दोनदा वाचला.

"गुरुवारी ताईला बोलवून घे," ते म्हणाले. "दुपारी दुकानात गर्दी नसतीय. मी येतो संगट. दुकानवाल्याशी दुकानवाल्यानं बोललेलं बरं."