मिठाचे पाणी सगळ्याच स्फटिकांना मानवत नाही

वेदीवर मांडण्यापूर्वी ‘कोणताही स्फटिक रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून शुद्ध करावा’ हा सल्ला स्फटिकांच्या शुद्धीकरणावरील एका लेखात सरसकट दिला गेला आहे आणि तेवढ्यापुरता तो चुकीचा आहे. साध्या क्वार्ट्‌झला, म्हणजे खनिजांचे काठिण्य १ ते १० मध्ये सांगणाऱ्या मोहस मापनश्रेणीवर ७ काठिण्य असलेल्या खड्याला, त्याने सहसा काही होत नाही. परंतु सेलेनाइट हा जिप्समचाच प्रकार असून त्याचे काठिण्य जेमतेम २ आहे, नखानेही त्यावर ओरखडा उठतो आणि लिटरभर पाण्यात तो सुमारे २ ग्रॅम विरघळतो. पाण्यात मीठ असले तर थोडा अधिकच. असाच सल्ला मानून मी सेलेनाइटची एक कांडी रात्रभर भिजत ठेवली होती. सकाळी तिची रेशमासारखी चकाकी गेलेली होती, कडा बोटाला खरखरीत लागत होत्या आणि पुसल्यावर कापडावर पांढरी भुकटी उतरत होती.

पायराइटची गोष्ट याहून वाईट, कारण ते लोहाचे सल्फाइड असल्याने ओलाव्याने त्यावर गंजाचे तांबूस डाग पडतात. उन्हात ठेवण्याचा पर्यायही ॲमेथिस्टसाठी योग्य नाही. दीर्घकाळ उन्हात राहिल्यास त्याचा जांभळा रंग फिका पडत जातो. शुद्धीकरणामागची श्रद्धा ज्याची त्याने ठरवावी, त्याविषयी माझा वाद नाही. मात्र धूपाचा धूर देणे किंवा कोरड्या मऊ कापडाने पुसणे हे मार्ग या तिन्हींना चालतात आणि लेखात नेमका त्यांचाच उल्लेख नाही.