हिंदू स्टुअर्ट मूर्तिचोर कसा? – एका कमेंटला उत्तर

तुमची लांबलचक कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की जनरल चार्ल्स स्टुअर्टला, म्हणजे लोक ज्याला 'हिंदू स्टुअर्ट' म्हणायचे त्याला, मी माझ्या पोस्टमध्ये उगाच मूर्तिचोरांच्या रांगेत बसवलं, जो आयरिश माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत असूनही कलकत्त्यात रोज सकाळी गंगेवर आंघोळीला जायचा, मिशनऱ्यांच्या विरोधात हिंदूंची बाजू घ्यायचा, त्याने मूर्ती वाचवल्या, लुटल्या नाहीत.

आंघोळ खरी, मिशनऱ्यांच्या विरोधात हिंदूंची बाजू मांडणारी १८०८ ची त्याची पुस्तिका पण खरी, नाव न देता 'बंगाल ऑफिसर' म्हणून छापलेली. गोऱ्या मडमांनी साडी नेसावी असंही तो पेपरात लिहायचा (बिचाऱ्या मडमा!). पण म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो हो. पूजेतला देव म्हणजे काय हे ज्याला कळतच नाही असा एखादा कॅप्टन मूर्ती उचलून नेतो ते एक वेळ समजू शकतं, याला तर सगळं कळत होतं.

भुवनेश्वरचंच बघा. १८३७ च्या सुमारास लेफ्टनंट किट्टो तिथे शिलालेख उतरवून घ्यायला गेला तर पुजारी त्याला उभं करेनात, कारण आधी एक साहेब येऊन त्यांचे शिलालेख आणि मूर्ती घेऊन गेला होता. मग कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत, म्हणजे जुन्या वस्तू जमवणाऱ्या अभ्यासकांच्या संस्थेत, तिचा सेक्रेटरी जेम्स प्रिन्सेपने शोधाशोध केली तर भुवनेश्वरचे दोन शिलालेख निघाले, आणि देणगीदार कोण, तर आपले जनरल स्टुअर्ट! सोसायटीने ते परत पाठवले. म्हणजे चोरी हा शब्द मी आज २०० वर्षांनी चिकटवत नाहीये, तिथल्या लोकांची तक्रार तेव्हाचीच आहे. सगळ्याच मूर्ती त्याने अशा आणल्या असं मी पोस्टमध्ये म्हटलेलं नाही, पडक्या देवळांतल्याही असतील, परत एकदा वाचा.

आणि 'वाचवल्या' म्हणताय तर पुढचं पण बघा ना. १८२८ मध्ये तो वारला, साउथ पार्क स्ट्रीटच्या कब्रस्तानात देवळाच्या आकाराचं थडगं बांधलं, आणि त्याने जमवलेल्या बिहार, बंगाल, ओडिशातल्या पाषाणमूर्ती लंडनला ख्रिस्टीजच्या लिलावात गेल्या. घेणारा जॉन ब्रिज, राजघराण्याचा जवाहिऱ्या. त्याच्या घरच्यांनी १८७२ मध्ये त्या ब्रिटिश म्युझियमला दिल्या, म्हणून आज कलेक्शनला नाव ब्रिज, ना स्टुअर्ट ना ओडिशा. यात वाचवणं नेमकं कुठे आलं ते तुम्हीच सांगा, मी वाचायला तयार आहे.