मासे अजून आलेले नाहीत

खाऱ्या पाण्याची टाकी घरात ठेवणारा माणूस मासे पाळतो, असा जगाचा एक गोड समज आहे. प्रत्यक्षात तो पाणी पाळतो. मासे आणण्याची परवानगी हे पाणी आपल्या सवडीने देते, आणि ती मिळेपर्यंत घरातल्या सर्वांना लखलखीत काचेच्या पेटीत रचून ठेवलेल्या ओल्या दगडांकडे आदराने पाहावे लागते. आमच्या दिवाणखान्यातली टाकी ६० लिटरची आहे. या छंदातली जाणती मंडळी एवढ्या टाकीला ‘नॅनो’ म्हणतात. तिच्याभोवती जमलेल्या बादल्या, नळ्या, पंप, मीटर आणि बाटल्या यांना काय म्हणावे, याबद्दल मात्र ती काही बोलत नाहीत.

टाकी लहान घेतली की कामही लहान होईल, हा हिशेब खाऱ्या पाण्यात उलटा बसतो. मोठ्या टाकीतल्या भरपूर पाण्यात लहानसहान चुका विरून जातात. लहान टाकीत त्या जाहीर होतात. शिवाय तिचे वजनही लहान नसते. समुद्राचे ६० लिटर पाणी साडेएकसष्ट किलो भरते आणि त्यात काच, वाळू व खडक मिळवले की तिपाईवर ठेवण्याची ही वस्तू उरत नाही. त्यासाठी खास मजबूत स्टँड आणावा लागतो आणि तो तंतोतंत सपाट बसवावा लागतो, कारण पाणी तिरके उभे राहिले की काचेच्या सांध्यांवर असमान ताण येतो. माझा नवरा पाणसळ घेऊन जमिनीवर आडवा झाला, तेव्हा आमच्या घराची फरशी इतकी वर्षे सपाट असल्याचे केवळ भासवत होती, हे उघडकीस आले. एरवी कोणत्याही कामाला न सापडणारा तो गृहस्थ त्या बुडबुड्याला दोन रेघांच्या मध्ये आणण्यात अख्खी दुपार रमला होता, ही या प्रकरणातली पहिली सुखद घटना.

पाण्याचे प्रकरण याहून बिकट. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, फॉस्फेट आणि सिलिकेट असू शकते, आणि नळांतून तांबे उतरत असेल तर ते गोगलगायींपासून प्रवाळांपर्यंत सगळ्या बिनकण्याच्या प्राण्यांना विषच. म्हणून हे पाणी आधी आर.ओ.च्या पडद्यातून आणि मग उरलेसुरले क्षारही टिपून घेणाऱ्या डी.आय. रेझिनमधून गाळायचे, पाण्यात विरघळलेले पदार्थ मोजणारा टीडीएस मीटर शून्य दाखवेपर्यंत गाळत राहायचे, आणि गाळताना बाजूला पडणाऱ्या कितीतरी जास्त पाण्याने घरातल्या फरशा पुसत बसायचे. त्या दिवसांत आमच्याइतक्या स्वच्छ फरशा कोणाच्याही घरात नसाव्यात. हे झाले की त्या निर्मळ पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या मापाने सागरी क्षारांचे मिश्रण घालायचे. सासूबाई हे सारे शांतपणे पाहत होत्या. शेवटी त्यांना राहवले नाही.

“अगं, आधी पाण्यातलं सगळं काढायचं आणि मग सगळं परत घालायचं?”

“आई, काढलं ते वेगळं आणि घातलं ते वेगळं.”

“मग समुद्राचंच पाणी का नाही आणत?”

समुद्र दाराशी असता तर आणलेही असते. १८३२ च्या सुमारास जान विलप्रो-पॉवर या संशोधिकेने सिसिलीतल्या मेसिना बंदरात काचेच्या टाक्या करवून घेतल्या आणि त्यांत आर्गोनॉट नावाच्या आठ भुजांच्या प्राण्याचा अभ्यास केला; तिच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे, पण तिच्या पत्त्याबद्दल निव्वळ हेवा आहे. बाकीच्यांचा आधार म्हणजे विल्यम डिटमार. ‘चॅलेंजर’ हे जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगभरचे समुद्र धुंडाळून परतले आणि त्याने आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण या रसायनशास्त्रज्ञाने केले. समुद्र कोणताही असो, त्याचा खारटपणा कमी असो वा जास्त, त्यातल्या मुख्य क्षारांचे एकमेकांशी असलेले प्रमाण जवळजवळ सारखेच राहते, हे त्याने १८८४ मध्ये दाखवून दिले. ते सारखे आहे म्हणूनच समुद्र बादलीत भरून कोरडा विकता येतो. एरवी मला विक्रेत्याला विचारावे लागले असते की, हा नक्की कुठला समुद्र?

हे क्षार नेहमी पाण्यात घालावेत. क्षारांवर पाणी ओतले तर त्यांतले कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने पांढऱ्या गाळासारखे तळाशी बसते आणि परत विरघळायचे नाव घेत नाही. मिश्रण पंपाने रात्रभर घुसळले की खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरने मोजायचा. या यंत्राच्या काचेवर एक थेंब ठेवून उजेडाकडे तोंड करून पाहिले, की वर निळे, खाली पांढरे आणि मधली सीमा ३५ च्या रेघेवर दिसायला हवी. घरातल्या प्रत्येकाने पाहून घेतले. सासूबाईंनी बराच वेळ एक डोळा मिटून निरीक्षण केले आणि “निळं आहे, म्हणजे समुद्रच आहे” असा निर्वाळा दिला.

खडक आणि अ‍ॅरागोनाइटची वाळू यांबद्दल फार लिहीत नाही, कारण दगड एकावर एक रचणे याला जेवढा वेळ लागावा तेवढाच लागला आणि ते कसे रचावेत यावर घरात जेवढे वाद व्हावेत तेवढेच झाले. खडक सच्छिद्र हवा, एवढे पुरे. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला समुद्रातले जिवंत खडक, म्हणजे सूक्ष्मजीवांची वस्ती असलेले खडक, टाकीत ठेवून, यंत्रांची फारशी मदत न घेता पाणी निरोगी राखण्याची पद्धत मांडली. तेव्हापासून हा खडक शोभेची वस्तू राहिलेला नाही. या टाकीचे यकृत म्हणायचे तर तेच ते.

आता मुख्य संकटाकडे येऊ. टाकी भरली, पाणी निवळले, वेव्हमेकर लाटा उठवू लागला, हीटरने तापमान २५ अंशांवर आणून धरले. कोणालाही वाटेल की आता मासे आणावेत. ते आणायचे नसतात. मासा आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो आणि नव्या टाकीत तो अमोनिया संपवणारे कोणीही नसते. असा मासा स्वतःच्याच अस्तित्वाने विषबाधा होऊन मरतो. अमोनिया संपवणारे जीवाणू खडकांवर वस्तीला यावेत, यासाठी मासे येण्याआधीपासून त्यांना अमोनिया पुरवावा लागतो. त्याचा एक सभ्य मार्ग म्हणजे अमोनियम क्लोराइडचे मोजलेले थेंब. दुसरा, आम्ही निवडलेला मार्ग म्हणजे टाकीत नसलेल्या माशाचे खाणे रोज टाकीत टाकणे आणि ते कुजण्याची वाट पाहणे.

“कुणाला घालतेस?” सासूबाईंनी विचारले.

“जीवाणूंना.”

“ते मागतात?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. नवऱ्याचा आक्षेप वेगळा होता. प्रवाळ आलेले नसताना दिवे लावले तर शेवाळाचेच फावते, म्हणून दिवे बंद. परंतु पंप आणि हीटर मात्र चोवीस तास चालू. अंधारात, कोमट पाण्यात, लाटांच्या सेवेसह विश्रांती घेणाऱ्या त्या खडकांकडे पाहून तो म्हणाला, “दगडांना थंडी वाजते का?” जीवाणूंची वाढ उबेत बरी होते हे मी त्याला समजावून सांगितले. घरातल्या इतर कोणासाठी एवढी काळजी घेतली जाते का, असा पुढचा प्रश्न त्याने विचारला नाही. पण तो त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता.

या जीवाणूंची राहणी खरोखर पाहण्यासारखी आहे. सेर्गेई विनोग्राद्स्की या रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास ते वेगळे करून दाखवले. अमोनियाचे ऑक्सिडीकरण करून ते ऊर्जा मिळवतात आणि देह बांधायला लागणारा कार्बन थेट कार्बन डायऑक्साइडमधून घेतात. म्हणजे जेवणाखाणाचा कसलाही थाटमाट नाही. या साधेपणाची भरपाई ते संथपणाने करतात. आपल्या आतड्यातले ई. कोलाय मनासारखी परिस्थिती मिळाली तर २० मिनिटांत दुप्पट होतात. या तपस्व्यांना तेवढ्यासाठी अनेक तास, कधी पूर्ण दिवसही लागतो. त्यातही एक तुकडी अमोनियाचे नायट्राइट करते, आणि त्या नायट्राइटचे नायट्रेट करणारी दुसरी तुकडी पहिलीचे काम बऱ्यापैकी पुढे गेल्याखेरीज कामावर रुजू होत नाही. जुन्या पुस्तकांत या दुसऱ्या तुकडीचे नाव नायट्रोबॅक्टर असे दिलेले असे. १९९० च्या दशकातल्या संशोधनाने मत्स्यटाक्यांमध्ये हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायराच्या गटातले जीवाणू करतात असे दाखवले. नाव बदलले, वेग तोच राहिला. सगळे मिळून चार ते सहा आठवडे सहज जातात. बाटलीत भरलेले जीवाणू विकत मिळतात आणि त्यांनी हा काळ कमी होऊही शकतो, पण बाटलीतून निघाले म्हणून त्यांच्या अंगात घाई संचारते असे नाही.

या काळात माणसाने करायचे काम म्हणजे पाणी तपासणे. परीक्षानळीत पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे, थांबायचे आणि आलेला रंग छापील पट्टीशी ताडून पाहायचा. अमोनियाची पट्टी पिवळ्यापासून हिरव्याकडे जाते, आणि पिवळा संपून हिरवा नेमका कोठे सुरू होतो, यावर आमच्या घरात जे मतभेद झाले ते आजवर कोणत्याही मोठ्या विषयावर झाले नव्हते. नवरा म्हणे पिवळा. मी म्हणे हिरवट पिवळा. सासूबाई परीक्षानळी खिडकीशी नेऊन “लिंबाचा आहे, पण कच्च्या” असा तिसराच शेरा देत. नायट्रेटची चाचणी तर अंगमेहनतीची असते: एक बाटली अर्धा मिनिट जोराने हलवायची, मग नळी मिनिटभर हलवायची, आणि एवढे करून जो नारिंगी येतो तो पट्टीवरच्या लागोपाठच्या तीन चौकटींशी सारखाच जुळतो. त्यात पाण्यात नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटचा आकडा फुगूनच दिसतो, कारण ही चाचणी नायट्रेटचे आधी नायट्राइट करून मगच त्याला रंग देते. थोडक्यात, ज्या काळात ही चाचणी करण्याचा मोह सर्वाधिक असतो, त्याच काळात ती सर्वाधिक निरर्थक असते.

पाहुण्यांचे म्हणाल तर ते येतच होते. टाकीची बातमी पसरली होती आणि तिच्यात काही नाही ही बातमी पसरायला तयार नव्हती. शेजारच्या काकांनी सोफ्यावर बसून दगडांकडे बराच वेळ पाहिले आणि सल्ला दिला, “एक साधासा मासा टाकून बघा, जगला तर जगला.” काकांचा सल्ला क्रूर होता, पण अशास्त्रीय नव्हता, पूर्वी चिवट डॅमसेल मासे टाकूनच टाकी सुरू करण्याची रीत होती. या रीतीतली अडचण अशी की डॅमसेल खरोखरच जगतो, आणि टाकीत आपण पहिले आलो हे तो जन्मभर विसरत नाही. मागून येणाऱ्या प्रत्येक माशाला तो भाडेकरू समजून चावत सुटतो. हे मी काकांना सांगितले. ते जरा वेळ विचारात पडले. सोसायटीच्या कमिटीत ते पहिल्यापासून आहेत.

मग एका सकाळी पांढरी वाळू तपकिरी झाली. हे डायटम, म्हणजे सिलिकेटवर पोसणारे सूक्ष्म शैवाल. नव्या टाकीत ते बहुधा येतातच आणि बहुधा आपले आपण जातात. परंतु टाकीवरची तपकिरी भुकटी रोज पाहूनही न पुसणे, हे ज्यांच्या फरशा एवढ्या स्वच्छ आहेत अशा घरात सोपे नाही. सासूबाईंच्या हातातले फडके मी वेळीच काढून घेतले. फडक्याला साबण होता.

बाष्पीभवन हे या सगळ्यात सर्वांत न संपणारे काम. पाणी उडते, मीठ उडत नाही. आमच्या टाकीतून तीन लिटर पाणी उडाले आणि कोणी लक्ष दिले नाही, तर ३५ चा खारटपणा जवळजवळ ३७ वर जातो, आणि म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे, गाळलेले पाणीच घालायचे असते. हा मुद्दा ज्याला पटला नाही असा माणूस मी रोज एक तरी पाहते. समुद्रात गोडे पाणी घालणे लोकांना कंजूषपणा वाटतो. जे मीठ उडत नाही ते शिंतोड्यांबरोबर काठावर चढते, वायरींवरून पांढऱ्या कवचासारखे पसरत जाते, आणि त्यामुळे प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळासारखी सोडून मग वर न्यावी लागते, म्हणजे ओघळ प्लगमध्ये न शिरता झोळाच्या तळाशी गळून पडतो. हे झोळ सोडण्याचे खाते नवऱ्याकडे आहे. पाणसळीनंतर त्याला मिळालेली ही बढती.

घरातले वातावरण बदलले ते एका किड्यामुळे. रात्री लाल बॅटरी घेऊन खडक पाहिले की दिवसा लपणारे जीव दिसतात, हे मी सासूबाईंना सहज बोलून गेले होते. त्या रात्री त्या एकट्याच उठल्या, आणि थोड्या वेळाने त्यांनी आम्हा दोघांना उठवले. खडकाच्या फटीतून गुलाबी अंगाचा, दोन्ही कडांना बारीक केसांची झालर असलेला ब्रिसल वर्म बाहेर आला होता आणि जीवाणूंसाठी टाकलेले खाणे शांतपणे नेत होता. मी सांगितले की हा उपद्रवी नसतो, उष्टे-खरकटे साफ करतो, फक्त त्याचे केस बोटात रुततात म्हणून त्याला हात लावू नये. सासूबाईंनी हात लावला नाही. परंतु त्या दिवसापासून टाकीत खाणे टाकताना कोणाला घालता, असे कोणी विचारले नाही. त्या स्वतःच टाकू लागल्या, आणि चिमूट थोडी मोठी असे.

पुढे अमोनिया शून्यावर आला, म्हणजे तिघांच्याही मते पिवळा झाला. नायट्राइटही उतरले. खरे तर समुद्राच्या पाण्यात क्लोराइड भरपूर असल्यामुळे माशांना त्याची बाधा गोड्या पाण्यातल्यापेक्षा पुष्कळच कमी होते, पण एवढे थांबल्यावर शेवटच्या पायरीवर कोण उडी मारतो? बरेचसे पाणी बदलले, दिवे लावले, आणि पहिले रहिवासी आणले. त्या गोगलगायी होत्या. नातेवाइकांना सासूबाईंनी फोन करून बोलावले होते, आणि त्या सर्वांनी रांगेने उभे राहून काचेवर चालणारी गोगलगाय पाहिली. ती चालते आहे हे कळायला वेळ लागतो. या जातीची गोगलगाय वाळूवर उताणी पडली तर तिला बहुधा स्वतःहून उलटता येत नाही, म्हणून लांब चिमट्याने तिला सरळ करण्याची पाळी लावली आहे, आणि पाळीच्या कागदावर सर्व रात्री सासूबाईंच्या नावावर आहेत.

आता क्लाउनफिशची जोडी आणण्याचे घाटते आहे. हे मासे जन्मतः नर असतात. त्यांतला सर्वांत वरचढ मासा पुढे मादी होतो आणि ती गेली तर तिचा जोडीदार मादी होतो, हे मी चहाच्या वेळी सर्वांना सांगितले. नवऱ्याने यावर काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले. सासूबाईंनी मात्र एकच विचारले: “दोन एकदम आणले तर अमोनिया किती वाढेल?” प्रश्न अगदी रास्त आहे. जीवाणूंची वस्ती जेवढे खाणे मिळते तेवढीच वाढलेली असते आणि नव्या ओझ्याला पुरी पडायला ती पुन्हा तिच्याच गतीने वेळ घेते, त्यामुळे मासे आल्यावरही परीक्षानळ्या रोज धुवून ठेवाव्या लागणार आहेत. फक्त रंग कोणी वाचायचा, यावर अद्याप एकमत झालेले नाही.