ह्यांना दात कुठले?

१२ जानेवारीला सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या फोटोंवरनं मशिननं केलेला हलता व्हिडिओ आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. मल्लप्पा धनशेट्टी पापण्या मिटतायत, कुर्बान हुसेन मान वळवून बघतायत, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा मंद हसतायत. रात्री चार पुतळ्यापाशी कट्ट्यावर त्यावरूनच पेटलं.

"अंगावर काटा आला बे," बसू म्हणाला. "पोरीनं पहिल्यांदा विचारलं, हे कोण म्हणून. रोज ह्या पुतळ्यांवरनं शाळेत जाती, कधी मान वर करून बघितलं नव्हतं."

"१९३१ साली येरवड्यात फासावर चढवलेली माणसं. त्यांना हसवतंय कोण?" मास्तर तापले. ते हसू त्यांचं नव्हेच, हा त्यांचा मुद्दा. २०२१ मध्ये मायहेरिटेज ह्या वंशावळीच्या वेबसाइटनं जुने फोटो हलवणारं 'डीप नॉस्टॅल्जिया' आणलं, त्यातली युक्ती ही: भलत्याच कुणाच्या चेहऱ्याच्या हालचाली आधी चित्रित करून ठेवायच्या आणि तुमच्या फोटोवर चढवायच्या. "त्यापेक्षा गायिका गौहर जानच्या १९०२ च्या तबकड्या ऐका. गाणं संपलं की बाई इंग्रजीत आपलं नाव सांगते, जर्मनीत तबकडी काढणाऱ्यांना कळावं म्हणून. आपल्यासाठी नाही सांगितलेलं, पण तिचं आहे."

"गौहर जानकडं तबकडी होती, मास्तर. माझ्या बापाकडं काय होतं?"

व्यंकटेशचे वडील मिलमध्ये साच्यावर होते. मिल बंद पडली, मागं राहिला ओळखपत्रावरचा एक फोटो. त्यानं तो हलता करून आईला दाखवला. म्हातारीनं फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "ह्यांना दात कुठले?" पुढचे दात कधीच पडलेले, म्हणून फोटोत माणूस तोंड मिटून बसलेला, हसवायच्या नादात मशिननं अख्खी बत्तिशी बसवली. आम्ही खो खो हसलो. "पुढचं तर ऐका की. म्हणाली, परत लाव."

माझं मत असं की व्यंकटेशचं चालेल, हुतात्म्यांचं नको. त्याच्या घरात दात खोटे म्हणणारी बाई अजून आहे. तिनं ते शंभरदा बघितलं तरी नवरा तिला माहीत तसाच राहणार. ह्या चौघांना हसताना पाहिलेलं आज कोण आहे? बसूच्या पोरीला तेच हसू खरं वाटणार.

"मग पुतळा तरी खरा कशावरनं?" बसू उसळला. "तोबी कुणीतरी अंदाजानंच घडवला की!"

मास्तरही गप्प झाले. पुतळा पुतळा आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं, एवढं मी म्हणालो, पण बसूला काही ते पटलं नाही.

व्यंकटेशला आता आवाजाचं खूळ लागलंय. चुलत्याचा आवाज सेम वडिलांसारखा, तोच मशिनला देणार म्हणतो.

"पण बोलणार कुठल्या भाषेत?" इरफाननं विचारलं.

"घरात तेलुगू, मिलमध्ये मराठी."

"आणि शिव्या?"

"त्या कन्नडमधनं."

"मग ऱ्हाऊ दे बे. मशिन शिव्या देत नाय. आई लगेच ओळखंल."