दौऱ्यावर खेळायला येता की झोपायला?

दर दौऱ्यात तेच! फिल्डिंग आली आणि मैदानात आम्ही नऊच. दोघं हॉटेलात घोरतायत, फोन बंद. समोरच्या टीमने एक पोरगा दिला, भली माणसं. पण बदली खेळाडूला बॉलिंग करता येत नाही, आणि झोपलेल्यांपैकी एक आमचा ओपनिंग बॉलर! काल थर्डमॅन, म्हणजे बॅट्समनच्या मागची तिरकी बाजू, मोकळीच होती. तिथून चौकामागून चौका, दर वेळी पॉइंटवरून मी पळतोय, गुडघ्याची सालटी निघाली. तासाभराने साहेब डोळे चोळत हजर. लगेच बॉल हातात देताही येईना. जितका वेळ बाहेर, तितका आधी मैदानात काढावा लागतो. आणि त्याचा पहिला प्रश्न काय? "बॅटिंगला मी कितवा?" अरे, रजा टाकून, पैसे साठवून आलोय रे आम्ही!